डबीवर लिहिलं होतं, 'संपूर्ण'

चुलीपुढची कामं आवरून रेडिओजवळ बसलात ना? आजची गोष्ट जत्रेतल्या एका गाड्यावरून सुरू होते.

मागच्या जत्रेत आमच्या गटातल्या एका ताईंनी जुन्या मालिकेच्या डीव्हीडींचा संच आणला. डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'संपूर्ण मालिका'. महिन्याची बैठक झाली, हप्ते जमा झाले, प्रोसिडिंग वहीवर सह्या झाल्या आणि मग आम्ही पंधराजणी टीव्हीपुढं बसलो. पहिली चकती छान चालली. दुसरी लावली तर नायिकेच्या कडेवर एकदम लेकरू! "अगं, हिचं लग्न कधी झालं?" एकीनं विचारलं आणि सगळ्या हसत सुटल्या. शोधलं तर मधले बरेच भाग चकतीवर नव्हतेच. जे होते त्यांतही चेहरे असे दिसत होते, जणू कुणी चौकटीचं कापड मध्ये धरलंय.

हसू ओसरल्यावर एक वयस्कर काकू म्हणाल्या, "पोरी, तू इतिहासात बीए केलंस ना? मग सांग, मधले भाग गेले कुठं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे. त्यासाठी आधी थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल, कारण टीव्हीच्या मालिका घरोघरी पोचल्या त्या तिथं फार लवकर. जुने कार्यक्रम हरवले कसे आणि टिकले कसे, हे तिथल्या तीन बायकांच्या गोष्टीतून चांगलं कळतं.

पहिली गर्ट्रूड बर्ग. या बाईंनी १९२९ साली रेडिओवर एक मालिका सुरू केली. तिचं नाव पुढं 'द गोल्डबर्ग्ज' असं पडलं. न्यूयॉर्कमधलं एक ज्यू कुटुंब, त्यांची चाळीसारखी दाटीची वस्ती, आणि घरातली मॉली नावाची आई. मॉली खिडकीतून डोकं काढायची, शेजारणीला हाक मारायची आणि सुखदुःख बोलायची. आपण विहिरीवर किंवा नळावर बोलतो ना, तसंच. ही मालिका बर्गबाई स्वतः लिहायच्या आणि मॉलीचं कामही स्वतःच करायच्या. म्हणजे आपल्यासारखीच रेडिओवर बोलणारी बाई! १९४९ साली मालिका टीव्हीवर आली. तिकडं एमी नावाचा टीव्हीचा मोठा पुरस्कार असतो. त्यात उत्तम अभिनेत्रीचा पहिलाच मान १९५१ साली बर्गबाईंना मिळाला.

त्या काळी टीव्हीवरचे बहुतेक कार्यक्रम थेट व्हायचे. तमाशाचा फड उभा राहतो तसं. इकडं नट बोलतोय, तिकडं घरात लोक बघतायत. खेळ संपला की संपला. टीव्हीचं चित्र टेपवर घेण्याची सोय १९५६ सालापर्यंत बाजारात आलीच नव्हती. दूरच्या गावांतल्या केंद्रांना दाखवायचं असेल तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्या चित्राचंच चित्रण करत. आपल्याकडं लग्नाची सीडी टीव्हीवर लावून कुणी मोबाइलनं त्याचं शूटिंग केलं तर जसं फिकट, कडेला वाकडं दिसतं, तसंच ते दिसायचं. एकदा दाखवून झालं की त्या फिल्मची किंमत कुणाला उरत नसे. गोदामात जागा अडते म्हणून ती फेकून देत.

म्हणून बर्गबाईंच्या थेट झालेल्या भागांतले फारच थोडे उरले. २०१० साली या मालिकेचा डीव्हीडी संच निघाला. उरलेले भाग शोधून, साफ करून त्यात एकत्र केले, ते भरले ७१. त्यातले ३९ तर शेवटच्या वर्षाचे, कारण १९५५ साली मालिका थेट न करता फिल्मवर चित्रित होऊ लागली होती. आधीच्या सगळ्या वर्षांचे मिळून उरले तीसेक.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या मालिकेचे चार भाग कमी असले तर काय बिघडलं? बिघडलं ते सांगते.

मॉलीच्या नवऱ्याचं काम फिलिप लोब नावाचे नट करायचे. ते नटांच्या संघटनेतही पुढं होते. १९५० साली तिकडं एक पुस्तिका निघाली. अमुक अमुक माणसं कम्युनिस्टांच्या बाजूची आहेत, अशी नावांची यादीच त्यात छापली होती. त्यात लोब यांचं नाव आलं. मालिकेला पैसा पुरवणारी कंपनी म्हणाली, याला काढा. बर्गबाईंनी नाही म्हटलं. मग कंपनीनं हात काढून घेतला आणि १९५१ साली मालिकाच बंद पडली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या वाहिनीवर परत आली, पण लोब त्यात नव्हते. त्यांना पुढं काम मिळणं मुश्किल झालं आणि १९५५ साली त्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

आता तो डीव्हीडीचा संच डोळ्यांपुढं आणा. जे ३९ भाग फिल्मवर चांगले टिकले, त्यांत मॉलीचा नवरा दुसराच नट आहे. लोब दिसतात ते उरलेल्या मोजक्या जुन्या भागांत, फिकट चित्रात. म्हणजे ज्या माणसाला हयातीत पडद्यावरून काढलं, तो भाग हरवल्यामुळं मेल्यानंतरही जवळजवळ पुसला गेला. हे भाग लोबना पुसावं म्हणून कुणी मुद्दाम हरवले असं नाही. कुणी ते जपले नाहीत, एवढंच झालं. पण आज संच बघणाऱ्या नव्या पोरीला वाटेल, मॉलीचा नवरा हाच. जुनं काही अर्धवट हातात आलं की आपण त्या अर्ध्यालाच पूर्ण समजतो. खोटी गोष्ट निदान पकडता तरी येते, पण जी गोष्ट जागेवर नाहीच ती पकडणार कशी?

दुसरी बाई ल्युसिल बॉल. त्यांची 'आय लव्ह ल्यूसी' ही विनोदी मालिका १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली. वाहिनीचं म्हणणं होतं, न्यूयॉर्कला या आणि बाकीच्यांसारखं थेट करा. पण ल्युसिलबाई आणि त्यांचे नवरे देसी आर्नाझ यांना कॅलिफोर्नियातलं घर सोडायचं नव्हतं. ते म्हणाले, आम्ही इथंच करू, आणि सिनेमाच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर करू. तीन कॅमेरे एकदम लावले आणि समोर प्रेक्षक बसवले. पण फिल्मचा खर्च मोठा. तो द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा या जोडप्यानं आपल्या पगारातून आठवड्याला १००० डॉलर कमी घेतले आणि बदल्यात मागितलं काय? एकदा दाखवून झालेल्या भागांची मालकी.

मैत्रिणींनो, यावर जरा थांबून विचार करा. त्या काळी दाखवून झालेल्या भागाला रद्दीची किंमत होती. वाहिनीला वाटलं, घेऊ देत. पण ते भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले, आणि पुढं तेच हक्क वाहिनीनं लाखो डॉलर मोजून परत विकत घेतले. १९६२ साली ल्युसिलबाईंनी घटस्फोटित नवऱ्याचा हिस्सा घेऊन अख्खी कंपनी स्वतःच्या हातात घेतली. अमेरिकेतला एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी ती पहिली बाई. बियाणं खाऊन न टाकता कणगीत ठेवणारी बाई पुढच्या पेरणीला राणी असते, तसंच हे.

या मालिकेचे अर्ध्या तासाचे सगळेच्या सगळे १८० भाग आज डीव्हीडीवर आहेत. चित्र इतकं स्वच्छ की ल्यूसीच्या पोलक्यावरचे ठिपके मोजावेत. सिनेमाच्या फिल्मवर बारकावे फार धरले जातात, म्हणून पन्नास-साठ वर्षांनीही त्यावरून नवी चांगली प्रत काढता येते. टीव्हीच्या पडद्यावरून उतरवलेल्या फिल्ममध्ये बारकावे मुळातच नसतात. यंत्र कितीही भारी आणा, जे उतरलंच नाही ते परत कुठून येणार?

या मालिकेत बायकांच्या दृष्टीनं मोलाचं असं एक पान आहे. १९५२ मध्ये ल्युसिलबाईंना खरंच दिवस गेले. तेव्हा तिकडच्या टीव्हीवर 'गरोदर' हा शब्दही उच्चारत नसत. मग गोष्टीतल्या ल्यूसीलाही दिवस गेल्याचं दाखवायचं ठरलं. आधी एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू धर्मगुरू यांना लिखाण दाखवून घेतलं. तो शब्द तरीही वापरला नाहीच, दुसरा सौम्य शब्द घातला. १९ जानेवारी १९५३ ला ल्यूसीच्या बाळंतपणाचा भाग लागला आणि त्याच दिवशी ल्युसिलबाईंना खरा मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी बघितला. हा भाग जर फेकला गेला असता, तर पोट दिसणारी बाई टीव्हीवर कामाला उभी राहिली होती हे आपण ऐकीव गोष्ट म्हणून सांगत बसलो असतो. आज दाखवता येतं.

पण पूर्ण मालिकेतही एक भोक होतं. मालिका विकण्यासाठी आधी एक नमुन्याचा भाग केला होता. तो कित्येक वर्षं कुठंच सापडेना. त्या भागात पेपितो नावाच्या विदूषकानं काम केलं होतं. त्याच्याकडं त्याची एक प्रत होती, आणि तो गेल्यानंतरही त्याच्या बायकोनं ती घरात जपून ठेवली होती. ती सापडली आणि १९९० साली टीव्हीवर दाखवली. एवढ्या मोठ्या वाहिनीच्या गोदामात जे नव्हतं, ते एका विधवा बाईच्या घरात निघालं! तोवर ल्युसिलबाई मात्र वारल्या होत्या.

आणखी एक बारकावा सांगते. मालिकेच्या सुरुवातीला मुळात एका सिगारेट कंपनीची कार्टूनची जाहिरात असायची, कारण पैसा त्या कंपनीचा होता. पुढं पुन्हा दाखवताना ती काढून रेशमी कापडावर बदामाचं चित्र लावलं. लोकांना वर्षानुवर्षं तेच खरं वाटत राहिलं. डीव्हीडी काढणाऱ्यांनी शोधून मूळ सुरुवातही दिली. सिगारेट चांगली म्हणून नव्हे, तर घराघरातली हसरी मालिका कुणाच्या पैशावर चालली होती हे लपू नये म्हणून मला ते बरं वाटतं.

तिसरी बाई एडी अ‍ॅडम्स, गायिका आणि नटी. त्यांचे नवरे अर्नी कोव्हॅक्स टीव्हीवर फार वेगळे विनोदी कार्यक्रम करायचे. जानेवारी १९६२ मध्ये ते मोटार अपघातात गेले. मागं राहिलं करापोटीचं मोठं कर्ज. एडीबाईंनी काम करकरून ते फेडलं. त्यातच त्यांना कळलं की वाहिन्या नवऱ्याच्या कार्यक्रमांच्या टेपा पुसून त्यांवर दुसरं काही भरतायत. टेप महाग, म्हणून तीच परत वापरायची. अंगावर कर्ज असलेली ही बाई पुढं झाली आणि उरलेल्या टेपा आणि त्यांचे हक्क तिनं विकत घेतले. १९९६ साली सरकारी ग्रंथालयानं जुन्या कार्यक्रमांची चौकशी भरवली, तिथं त्यांनी साक्षही दिली. ड्यूमाँट नावाची एक वाहिनी १९५६ मध्ये बंद पडली होती. बर्गबाईंची मालिका १९५४ साली तिच्यावरही चालली होती. त्या वाहिनीच्या फिल्मा ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवल्या, असं एडीबाईंनी तिथं सांगितलं. एडीबाई २००८ साली वारल्या. नवऱ्याच्या कामाचा डीव्हीडी संच निघाला २०११ साली. त्यांनी राखलं म्हणून तो निघाला.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडंही टेपा पुसून परत वापरल्या गेल्या आणि दूरदर्शनचे कितीतरी जुने कार्यक्रम त्यात गेले. १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली. वसंत साठे त्याच्या थोडं आधी नभोवाणी खात्याचे मंत्री होते, आपले महाराष्ट्राचे. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांपर्यंत नेतात हे पाहून त्यांनी ती कल्पना इथं आणली. १९८५ मध्ये 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरवाल्याला, कचेरीतल्या साहेबाला जाब विचारायच्या आणि आपल्या आया तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. एखादी बाई जास्त बोलली की लोक तिला 'रजनी' म्हणायला लागले. अशा मालिकेचे सगळे भाग आपल्या लेकींना नीट बघायला मिळायला हवेत की नको?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा 'रामायण' पुन्हा दाखवलं, तुम्ही सगळ्यांनी बघितलं. ते दाखवायला दूरदर्शनला ते रामानंद सागर यांच्या घरच्यांकडून मिळवावं लागलं. ज्यानं केलं त्याच्या घरात ते जपलेलं होतं. ल्यूसीची गोष्ट आठवली ना?

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. भाग हरवतात ते बहुतेक वेळा वाईट हेतूनं हरवत नाहीत. कपाटात जागा नाही, टेप महाग आहे, आता कोण बघतंय, या तीन कारणांनी हरवतात. उरतात ते कुणी तरी अडून बसलं म्हणून.

जत्रेतून किंवा दुकानातून संच घेताना बघायच्या चार गोष्टी सांगते. पहिली, मालिकेचे मुळात भाग किती होते ते आधी विचारून घ्या आणि डबीवरचा आकडा ताडून बघा. 'संपूर्ण' हा शब्द आकडा नव्हे. दुसरी, एका साध्या डीव्हीडीवर दोनेक तासांचं चित्र चांगलं बसतं. एकाच चकतीवर वीस-पंचवीस भाग कोंबले असतील तर चेहऱ्यांचे चौकोन होणारच. तिसरी, ती व्हीसीडी आहे की डीव्हीडी ते बघा. दिसायला चकत्या सारख्याच, पण व्हीसीडीत चित्राचे बारकावे डीव्हीडीच्या पाव हिश्श्याएवढेच असतात. चौथी, गाणी आणि सुरुवात मूळची आहे का ते बघा. अमेरिकेत एका रेडिओ केंद्रावरच्या विनोदी मालिकेची डीव्हीडी २००७ मध्ये निघाली तेव्हा गाण्यांच्या हक्काचे पैसे परवडेनात म्हणून कितीतरी गाणी बदलली होती. लोक हटून बसले. २०१४ च्या संचात त्यातली बहुतेक परत आली. म्हणजे विचारणारं गिऱ्हाईक असलं की फरक पडतो.

इथं थांबले असते तर बोलणं गोड झालं असतं. पण एक गोष्ट मला तुमच्यापुढं कबूल करायची आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ते दुष्काळाचं वर्ष. मुंबईत टीव्ही लागत होता तेव्हा इकडं आपल्या आज्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, सुकडी खात होत्या. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका आजींनी त्या दिवसांची सगळी हकीकत मला सांगितली. मुकादम हजेरी कशी लावायचा, तान्ह्या पोरांना झोळीत घालून कुठं ठेवायचे, मजुरी कमी आली तेव्हा बायका कशा भांडायला गेल्या. मधेमधे जात्यावरच्या ओव्या. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. आपल्या रेडिओवर त्यातलं आठ मिनिटांचं लावलं. दुसऱ्या आठवड्यात आरोग्य शिबिराचं रेकॉर्डिंग करायचं होतं, कार्ड भरलेलं होतं. मी ते पुसलं. मनात आलं ते हेच, की लावून तर झालंय, आता कोण ऐकतंय.

त्या आजी गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांची नात माझ्याकडं आली. म्हणाली, "ताई, आजीचा आवाज आहे ना तुमच्याकडं?" मी तिला आठ मिनिटं दिली. ती मजुरीच्या भांडणाची गोष्ट त्यात नाही. वाहिनीच्या साहेबांना नावं ठेवायचा मला काय अधिकार?

म्हणून आमच्या ग्रामसंघात आता ठराव झालाय आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहिलाय. कुणाही बाईचं रेकॉर्डिंग दोघींनी सही केल्याशिवाय पुसायचं नाही. प्रत्येकाच्या तीन प्रती करायच्या. एक केंद्राच्या संगणकावर, एक वेगळ्या पेनड्राइव्हवर गटाच्या पेटीत, आणि एक बोलणाऱ्या बाईच्या घरी. वर नाव, गाव, तारीख आणि किती मिनिटं ते लिहायचं. घरी लिहिलेली डीव्हीडी उन्हात आणि दमट जागी खराब होते, म्हणून दोन-तीन वर्षांनी उघडून बघायची आणि नवी प्रत काढायची. लोणच्याच्या बरणीकडं आपण लक्ष देतो तसं. आणि कार्यक्रमात तुकडाच लावला असेल तर तसं सांगायचं, की हा तुकडा आहे, पूर्ण नव्हे.

तुमच्या गावात १९७२ बघितलेल्या किती आज्या उरल्यात, उद्याच मोजा. त्यांच्याशी बोला, त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्या आणि पूर्ण ठेवा.

बरं मैत्रिणींनो, आज इथंच थांबते. हे बोलणं मात्र मी पुसणार नाही.